निसटता पराभव संघाच्या पथ्यावर पडतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की एक वाक्य दर आठवड्याला कुठे ना कुठे वाचायला मिळते: ‘हा निसटता पराभव या संघाच्या पथ्यावरच पडेल.’ समालोचक तसे म्हणतात, माजी खेळाडू म्हणतात, आणि क्रीडापानांवरही ते तसेच उतरते. आमच्या मते हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे कुणी पाहत नाही आणि त्याचा भुर्दंड अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांना बसतो, म्हणून हे पत्र.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. लंबगोल चेंडू, अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान. चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, नेला की टचडाऊन. टचडाऊनला सहा गुण, त्यानंतरच्या किकला एक किंवा किकऐवजी पुन्हा चेंडू आत नेल्यास दोन, खांबांमधून चेंडू लाथाडला तर, म्हणजे फील्ड गोलला, तीन. चेंडू एका संघाकडे असेपर्यंतची पाळी म्हणजे चढाई; तीत दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, म्हणजे डाऊन, मिळतात. एका चढाईत जास्तीत जास्त आठ गुण मिळतात, आणि म्हणून आठ किंवा त्याहून कमी गुणांनी झालेली हार निसटती मानली जाते. नियमित हंगाम अवघ्या बारा सामन्यांचा. त्यात एक हार फार मोठी असते.

पराभव आपोआप शिकवत असता तर २०२१ चा नेब्रास्काचा संघ देशातला सर्वांत शहाणा संघ ठरला असता. त्या वर्षी ते बारापैकी नऊ सामने हरले आणि नऊपैकी आठ हारी आठ किंवा कमी गुणांच्या होत्या. नववी ओहायो स्टेटविरुद्ध, नऊ गुणांनी. हंगामभरात त्यांनी ३३५ गुण केले आणि २७२ दिले. तीन विजय आणि नऊ पराभव असलेल्या संघाची गुणांची बेरीज ६३ ने अधिक! सर्वांना वाटले, पुढच्या वर्षी हे पोर चालायला लागेल. पुढच्या वर्षी चार विजय आणि आठ पराभव झाले, आणि तिसऱ्याच सामन्यानंतर मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना जावे लागले.

असे का झाले हे त्या नऊ सामन्यांतच दिसते. ओक्लाहोमाविरुद्ध टचडाऊननंतरची साधी किक अडवली गेली आणि तोच चेंडू पळवत नेऊन त्यांनी दोन गुण घेतले. हातचा एक गेला, समोरच्याला दोन मिळाले. सामना २३-१६ असा गेला. मिशिगन स्टेटविरुद्ध सात गुणांची आघाडी असताना शेवटच्या काही मिनिटांत पंट (चेंडू लाथेने दूर मारून समोरच्याला देणे) चुकीच्या बाजूला गेला, त्यावर थेट टचडाऊन झाला आणि ओव्हरटाइममध्ये २३-२० अशी हार. आयोवाविरुद्ध २१-६ अशी आघाडी होती; अडवलेल्या पंटवर टचडाऊन झाला आणि शेवटी २८-२१. तीन वेगवेगळे प्रतिस्पर्धी, पण भोक एकाच ठिकाणी: लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगी मैदानात येणारी तुकडी, म्हणजे स्पेशल टीम्स. आणि २०२२ चा पहिलाच सामना, डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध: तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-१७ अशी आघाडी असताना ऑनसाइड किकचा (आखूड किक मारून चेंडू स्वतःच परत मिळवण्याचा) जुगार खेळला गेला, चेंडू प्रतिस्पर्ध्याला अर्ध्या मैदानावर मिळाला, आणि सामना ३१-२८ असा हातचा गेला. नऊ ठेचा लागूनही पाऊल त्याच दगडावर पडले.

मग पराभवाचा फायदा होतो तरी कसला? आमचे म्हणणे असे: निसटत्या पराभवातून शहाणपण मिळत नाही, बदल करण्याची मुभा मिळते. एका गुणाने जिंकलेल्या आणि एका गुणाने हरलेल्या सामन्यात खेळाचा दर्जा जवळजवळ सारखाच असतो. पण जिंकलेला प्रशिक्षक रविवारी सकाळी डाव्या टॅकलला (पुढच्या फळीतल्या रक्षकाला) बाकावर बसवू शकत नाही. हरलेला बसवू शकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यावसायिक बास्केटबॉलवरील एका अभ्यासात नेमके हेच आढळले होते: अगदी थोडक्यात हरल्यावरही प्रशिक्षक संघरचना बदलतात, थोडक्यात जिंकल्यावर तीच ठेवतात. आता ती मुभा कशासाठी वापरली, यावर सारे ठरते. खऱ्या दोषावर वापरली तर फायदा. दुर्दैवावर किंवा एका मुलावर खापर फोडण्यात वापरली तर दुसरा पराभव दाराशी उभा.

ती मुभा नेमकी वापरल्याचे जुने आणि अजूनही सर्वांत स्वच्छ उदाहरण १९९६ च्या फ्लोरिडाचे. ३० नोव्हेंबरला फ्लोरिडा स्टेटने त्यांना २४-२१ असे हरवले. त्या सामन्यात क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) डॅनी वुर्फेल सतत मार खात होता. तो सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या) अगदी मागे उभा राहून चेंडू घेत असे, आणि मागे सरकून वर बघेपर्यंत समोरचे अंगावर येत. २ जानेवारी १९९७ ला न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात तेच दोन संघ पुन्हा समोर आले, तेव्हा प्रशिक्षक स्टीव्ह स्पर्रियर यांनी त्याला शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरच्या साधारण पाच यार्ड मागे उभे केले. चेंडू हातात येताच तो समोरचे मैदान पाहत होता. निकाल ५२-२०. पहिल्या सामन्यात तीन गुणांनी जिंकले असते तर स्पर्रियरनी आपली आवडती रचना मोडली असती, असे आम्हाला वाटत नाही. अर्थात नशिबाचा वाटाही मान्य केला पाहिजे: मधल्या काळात टेक्ससने नेब्रास्काला ३७-२७ आणि ओहायो स्टेटने ॲरिझोना स्टेटला २०-१७ असे हरवले नसते तर शुगर बोल जिंकूनही फ्लोरिडाला राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नसते.

आता कामाच्या गोष्टीकडे. सामना शनिवारी होतो आणि पुढचा सात दिवसांवर असतो. नियमाने खेळाडूंचा हंगामातला वेळ आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास एवढाच वापरता येतो, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुटी, आणि सामन्याचा दिवस तीन तास धरला जातो. म्हणजे उरतात सतरा. त्यातच सराव, व्यायाम आणि चित्रफीत पाहणे. मागच्या सामन्यावर खेळाडूंचा एक-दीड तासापेक्षा जास्त वेळ गेला तर तो पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या तयारीतून कापला जातो. हरल्यावर रागाच्या भरात तीन-तीन तास चित्रफीत दाखवणारे प्रशिक्षक एका हारीच्या दोन करतात.

छाननीचे काम आधी प्रशिक्षकांनी करायचे. एका बाजूचे साधारण ६५ ते ७५ स्नॅप, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच सुरू होणाऱ्या खेळी, असतात. प्रत्येक स्नॅपला प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तीन नोंदी: नेमून दिलेले काम केले का, ते योग्य तंत्राने केले का, जोर पूर्ण लावला का. शेजारी परिस्थिती लिहायची: कितवा डाऊन, किती यार्ड हवे होते, चेंडू कुठल्या रेषेवर, घड्याळ किती, टाइमआउट किती शिल्लक. मग स्नॅप बाजूला ठेवून चढाया घ्यायच्या. एका संघाला सामन्यात डझनभर चढाया मिळतात. प्रत्येकीची सुरुवात कुठून झाली, ती कुठे थांबली आणि कशामुळे थांबली, एवढे एका ओळीत लिहायचे. बहुतेक वेळा सामना शेवटच्या दोन मिनिटांत नाही, तर दुसऱ्या क्वार्टरमध्येच गेलेला दिसतो: तिसऱ्या डाऊनला तीन यार्ड हवे असताना स्नॅपआधीच हललेला पुढच्या फळीतला गार्ड, किंवा प्रतिस्पर्ध्याच्या ३८ यार्डांवरून घाबरून मारलेला पंट. चढाईची सुरुवात दहा यार्ड पुढून झाली तर तिची किंमत साधारण अर्ध्या गुणाने किंवा थोडी जास्तच वाढते. पंट अडवणाऱ्यांनी आणि झेलणाऱ्यांनी प्रत्येक चढाईला सात-आठ यार्ड गमावले, तर बारा चढायांत चार-पाच गुण कुणाच्याही नजरेस न येता जातात. निसटत्या हारीत फरक तेवढाच असतो.

त्यानंतर चुकांची वाटणी. आपण वारंवार करतो त्या चुका एका बाजूला, समोरच्याने चांगला खेळ केला ते दुसऱ्या बाजूला, आणि निव्वळ बोलाफुलाला गाठ पडली ते तिसऱ्या बाजूला. या तिसऱ्या ढिगाबाबत प्रामाणिक राहणे सर्वांत अवघड. जमिनीवर सुटलेला चेंडू कुणाच्या हाती लागेल हे ढोबळमानाने निम्मे-निम्मे असते. तीनदा चेंडू सुटला आणि तिन्ही वेळा समोरच्याने उचलला, तर ‘तिन्ही गेले’ हे दुर्दैव आहे. ‘तीनदा सुटला’ हा दोष आहे. दोषावर उपाय करायचा: चेंडूच्या टोकावर बोटे, तळवा, कोपरापर्यंतचा हात, दंड आणि छाती या पाचही ठिकाणी चेंडू टेकलेला हवा, आणि सरावात प्रत्येक धावेच्या शेवटी कुणीतरी तो ओढून पाहिलाच पाहिजे. दुर्दैवासाठी आक्रमणाची योजना बदलायची नसते.

२००८ च्या फ्लोरिडाची गोष्ट इथे आठवते. ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाने) त्यांना त्यांच्याच मैदानावर ३१-३० असे हरवले. बरोबरीची एका गुणाची किक अडवली गेली आणि अखेरीस चौथ्या डाऊनला एक यार्ड हवा असताना क्वार्टरबॅक टिम टीबोला रोखले गेले. नंतरच्या पत्रकार परिषदेत त्याने दिलेले यापुढे जीव तोडून खेळण्याचे वचन आज त्यांच्या आवारात फलकावर कोरलेले आहे, आणि विजेतेपदाचे सारे श्रेय त्या भाषणाला दिले जाते. आम्ही त्या मुलाची जिद्द कमी लेखत नाही. पण त्यानंतरचे दहाही सामने त्यांनी किमान दहा गुणांनी जिंकले. म्हणजे सामना एका किकवर किंवा एका यार्डावर येऊन ठेपेल अशी वेळच त्यांनी येऊ दिली नाही. आणि केंटकीविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये त्यांनी दोन पंट अडवले; ज्या तुकडीने महिन्याभरापूर्वी मान खाली घातली होती तिनेच सामना उघडून दिला. ६३-५. भाषणापेक्षा हा भाग जास्त सांगितला जायला हवा.

किकरवर खापर फोडण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ५ नोव्हेंबर २०११ ला अलाबामा एलएसयूकडून (लुइझियाना स्टेटकडून) ओव्हरटाइममध्ये ९-६ असे हरले. सहा फील्ड गोलपैकी चार हुकले आणि दुसऱ्या दिवशी चर्चा फक्त किकरची. हुकलेल्या चारही किका ४४ ते ५२ यार्डांच्या होत्या. हिशेब साधा आहे: चेंडू ज्या रेषेवर असतो तिच्यात एंड झोनचे दहा आणि मागे चेंडू धरणाऱ्याचे सात यार्ड मिळवायचे. चढाई ३० च्या रेषेवर अडकली की किक ४७ यार्डांची. दोष होता तो ३५ ते २७ च्या पट्ट्यात अडकणाऱ्या आक्रमणाचा. ९ जानेवारी २०१२ ला विजेतेपदासाठी तेच संघ भिडले तेव्हा अलाबामाने सुरुवातीच्या डाऊनलाच पास टाकायला सुरुवात केली, चढाया आणखी आत नेल्या, आणि जेरेमी शेलीने पाच फील्ड गोल मारले. त्यातला सर्वांत लांबचा ४४ यार्डांचा. २१-० असा निकाल, एलएसयूचे सामनाभरात मिळून अवघे ९२ यार्ड. किक खरोखरच खराब असेल तर तीही तपासावी: स्नॅपपासून पायाला लागेपर्यंत साधारण १.३ सेकंद लागले पाहिजेत, चेंडूची शिवण समोर वळवलेली हवी, आणि किक अडवली गेली असेल तर ती खालून निघाली की कडेचा रक्षक वळसा घालून आत आला हे पाहावे. या तिन्हींत किकरची चूक फारतर एकीत असते.

दोन वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०१३ ला, त्याच अलाबामाने ऑबर्नविरुद्ध २८-२८ असताना शेवटच्या एका सेकंदासाठी ५७ यार्डांची किक मारली. ती कमी पडली, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने एंड झोनमध्ये झेलली आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत नेली. एवढ्या लांबची किक कमी पडू शकते, आणि किकच्या तुकडीत सगळे भरभक्कम लाइनमन असतात. पळणाऱ्याला गाठणारे पाय मैदानात नव्हतेच. हा निर्णयाचा दोष होता. पण त्या दिवशी आधी तीन किका हुकवलेल्या मुलाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. महिनाभराने, पुरेसा वेळ मिळूनही, अलाबामा ओक्लाहोमाकडून ४५-३१ असे हरले. त्या निसटत्या पराभवाने कुणाचेही भले केले नाही.

अलीकडचे आणि सर्वांत शिकवणारे उदाहरण २०२४ च्या ओहायो स्टेटचे. १२ ऑक्टोबरला ऑरेगॉनकडून ३२-३१ अशी हार. शेवटच्या क्षणी चेंडू किकच्या टप्प्यात आलेला होता, पण पासमधल्या आगळिकीबद्दल पंधरा यार्डांचा दंड झाला. दहा सेकंद उरले असताना ऑरेगॉनचे बारा खेळाडू मैदानात होते. दंड म्हणून ओहायो स्टेटला पाच यार्ड मिळाले, पण चार सेकंद गेले ते गेलेच. उरलेल्या सहा सेकंदांत क्वार्टरबॅक विल हॉवर्ड चेंडू घेऊन धावला, घसरून बसला, आणि घड्याळ शून्यावर. बारा खेळाडूंची ती पळवाट पुढच्याच आठवड्यात नियमाचा नवा अर्थ लावून बंद झाली: शेवटच्या दोन मिनिटांत असे घडले तर गेलेला वेळ परत मागता येतो. ते झाले दुसऱ्या ढिगातले. पहिल्या ढिगात होते ते असे की सबंध सामन्यात ओहायो स्टेटला ऑरेगॉनच्या क्वार्टरबॅकला एकदाही सॅक करता, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडता, आले नव्हते.

नंतरचा आठवडा सुदैवाने सामन्याविना होता. बचावाची फेरमांडणी तेव्हा सुरू झाली. फळ मात्र लगेच मिळाले नाही: ऑरेगॉनविरुद्ध डावा टॅकल जायबंदी झाला होता, त्याच्या जागी आलेला खेळाडू कमी पडला, आणि नेब्रास्काला जेमतेम २१-१७ असे हरवता आले. त्यानंतर गार्ड डोनोव्हन जॅक्सनला डाव्या टॅकलच्या जागी हलवले. मग ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून आणखी एक निसटती हार, १३-१०. दोन किका हुकल्या खऱ्या, पण मूळ दुखणे वेगळे: मिशिगनची ताकद असलेल्या मधल्या फळीवरच चेंडू घेऊन धावण्याचा हट्ट, २६ धावांत अवघे ७७ यार्ड. एकवीस दिवसांनी टेनेसीविरुद्ध तो हट्ट सोडला, चेंडू जेरेमाया स्मिथसारख्या झेलणाऱ्यांकडे गेला, ४२-१७. आणि १ जानेवारी २०२५ ला रोज बोलमध्ये पुन्हा ऑरेगॉन. या वेळी आठ सॅक, ४१-२१. शून्यावरून आठ, हीच त्या पहिल्या पराभवाची खरी कमाई. २० जानेवारीला नोत्र दामला ३४-२३ असे हरवून ते विजेते झाले. आणि नोत्र दामही सप्टेंबरात नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ अशी हार पत्करून, मग सलग तेरा सामने जिंकून तिथवर आले होते.

घड्याळाच्या सरावाबद्दल एक आग्रह. बहुतेक संघ दोन मिनिटांची चढाई एकाच साच्यात करतात: स्वतःची २५ ची रेषा, तिन्ही टाइमआउट हातात. सामना तसा कधी येत नाही. आठवड्यातून दोनदा आठ-आठ मिनिटे विचित्र परिस्थिती द्यावी: एक गुण मागे, २८ सेकंद, टाइमआउट एकच, तिसरा डाऊन आणि २५ यार्ड. तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर चेंडू आपटून घड्याळ थांबवता येत नाही. मधल्या मैदानात बारा यार्डांची धाव पाच-सहा सेकंद खाते. २०२३ पासून पहिला डाऊन मिळाल्यावर घड्याळ थांबते ते फक्त प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांत. क्वार्टरबॅकला हे तोंडपाठ हवे, आणि बाजूरेषेवर एकाच माणसाने फक्त घड्याळ पाहावे.

हंगामातली वेळ आणि निवडीची पद्धत यांचाही हात असतोच. चार संघांची बाद फेरी होती तेव्हा, २०१४ ते २०२३, दोन पराभव असलेला एकही संघ निवडला गेला नाही. २०१४ मध्ये टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) चौथ्या क्वार्टरमधली २१ गुणांची आघाडी घालवून बेलरकडून ६१-५८ असे हरले आणि बाहेर राहिले. २०२३ मध्ये जॉर्जिया अलाबामाकडून २७-२४ असे हरून पहिल्या क्रमांकावरून थेट सहाव्यावर गेले. त्यानंतर जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे हरवले, पण समोरचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते; त्याला पराभवातून घेतलेला धडा म्हणणे चूक. २०२४ पासून बारा संघ घेतले जाऊ लागले, म्हणूनच ओहायो स्टेटला धडा वापरायला सामने उरले.

आपल्या क्रीडापानाकडे म्हणून एक विनंती. निसटत्या निकालाची बातमी छापताना शेवटच्या खेळीच्या छायाचित्राखाली चार गोष्टी द्याव्यात: दोन्ही संघांच्या चढायांची सरासरी सुरुवात कुठून झाली, २० च्या रेषेच्या आत किती वेळा पोहोचले आणि किती गुण घेतले, चेंडू किती वेळा सुटला व त्यातले किती परत मिळाले, आणि हुकलेल्या किका किती यार्डांच्या होत्या. चार ओळींची जागा पुरेल. आणि ज्या मुलाची किक हुकली त्याचे नाव मथळ्यात नसावे.

आपले,
महाविद्यालयीन फुटबॉलचे काही मराठी अभ्यासक